अकरा बायकांची बसायची जागा

चावीमावशीला राग आला की ती आवाज चढवत नाही, उतरवते. ती धरून अकरा बायका त्या सात मजली कचेरीची साफसफाई बघतात, आणि बाकीच्या दहाजणींना हे पुरतं ठाऊक आहे. मावशी ओरडत असेल तर काळजी नाही. मावशी कुजबुजायला लागली की मात्र समोरच्याने आपली चप्पल कुठे काढलीय ते बघून ठेवावं.

वय चोपन्न. तेविसाव्या वर्षी ती या इमारतीत आली तेव्हा काचांवर अजून चुन्याच्या फुल्या होत्या, आणि पहिला महिना नुसतं सिमेंट पुसण्यात गेला. त्यानंतर भाड्याने आलेल्या कंपन्या चार वेळा बदलल्या, साफसफाईचे ठेकेदार सहा वेळा बदलले. प्रत्येक नव्या ठेकेदाराने नव्या रंगाचा गणवेश दिला. आतली बाई तीच राहिली. मधल्या काळात ती सुपरवायझर झाली, सगळ्या मजल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला आला आणि तिची चावीमावशी झाली. खरं नाव आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलंय, आणि नवरा भांडायला उठला की त्याला ते आठवतं.

जुडग्यात एक किल्ली होती, जिला चिठ्ठी नव्हती. त्या काळी बायका जेवायच्या कुठे, तर शौचालयाच्या बाहेरच्या भागात, बेसिनजवळ, बादल्या उपड्या घालून. कुणी हात धुवायला आलं की घास तसाच धरून उठायचं. एकोणीस वर्षांपूर्वी एका अधिकारी बाईंनी लेखी तक्रार केली, की शौचालयात जेवणाचा वास येतो. मावशीने तो कागद दोनदा वाचला. आमच्या जेवणाला शौचालयाचा वास येतो, याचा कागद आजवर कुणी लिहिला नाही, एवढंच ती हळू आवाजात म्हणाली. त्याच दुपारी ती बिनचिठ्ठीची किल्ली घेऊन एकेका बंद दाराला लावत सुटली. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या मागचं दार उघडलं.

खोली दहा बाय आठ. आत मोडक्या खुर्च्या आणि कुणाच्या तरी निरोपसमारंभाचे सुकलेले हार. मावशीने चार दिवसांत ती रिकामी केली. सभागृहातून टाकून दिलेलं लांब बाकडं आत आलं, तडा गेलेला आरसा आला, अकरा खुंट्या ठोकल्या गेल्या. बादलीच्या मागे एक विजेची किटली लपवली, कारण किटलीला परवानगी नव्हती. खोली कुणी दिली नाही आणि कुणी हरकतही घेतली नाही, कारण लिफ्टच्या मागे कुणी साहेब वळतच नव्हता.

आता वाचणाऱ्याला वाटेल, दहा बाय आठच्या खोलीचं एवढं काय कौतुक. ज्याचं जळतं त्याला कळतं. त्या बायकांत एकीला साखरेचा आजार आहे. बाकीच्या तिला साखरवालीच म्हणतात. दुपारी बूट काढून पंधरा मिनिटं पाय वर घेतले नाहीत, तर संध्याकाळी तिचे बूट निघत नाहीत. दुसरी एक बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात कामावर आली होती. ती दार लावून दूध पिळून काढायची, डोळे पुसायची आणि चौथ्या मजल्यावर पोछा मारायला जायची. तिची लेक आता शाळेत जाते. हे सगळं त्या खोलीत झालं, आणि इमारतीच्या कुठल्याही नकाशावर त्या खोलीला नाव नव्हतं.

मग भविष्य आलं. ते एका तरुण बाईच्या रूपाने आलं. कंपनीने तिला खास नेमलं होतं आणि तिच्या दारावर पाटी लागली: 'कार्यस्थळ अनुभव प्रमुख'. वय एकोणतीस.

"माझ्या निम्म्या वयाची आहे, आणि अनुभव सगळा तिच्याकडे," मावशी म्हणाली. त्या दिवसापासून बाईंचं नाव अनुभव मॅडम पडलं.

मॅडम वाईट नव्हती, हे आधीच सांगायला हवं. ती बायकांना नमस्कार करायची, बादली घेऊन कुणी येत असेल तर लिफ्ट धरून ठेवायची. आणि ती जे म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. निम्मी माणसं आता घरून काम करतात. कुठल्याही दिवशी दहातल्या चार खुर्च्या रिकाम्या असतात, आणि त्या रिकाम्या खुर्च्यांसाठी दिवे जळतात, एसी चालतो. मावशीला हे पटायला कुणाच्या भाषणाची गरज नव्हती. तिची स्वतःची मुलगी तीन वर्षं घरातूनच नोकरी करते. घरातलं एकुलतं एक टेबल तिच्या कंपनीने गिळलंय, आणि मावशीचा नवरा, जो शाळेची बस चालवतो, तो ताट मांडीवर घेऊन जेवतो.

तेव्हा मॅडमने ठरवलं, की आधी मोजायचं. प्रत्येक खोलीच्या छताला एक पांढरी चकती बसली, कपाच्या बशीएवढी. इमारतीचा वायरमन शिडीवर चढून त्या लावत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीतही त्याने एक लावली, कारण यादीत सगळ्या खोल्या होत्या.

"हे काय बघणार?" मावशीने विचारलं.

"अंगाची ऊब बघतं. माणूस आहे की नाही, किती आहेत, किती वेळ आहेत. सहा आठवडे."

"कोण आहे ते कळतं?"

"नाही हो मावशी. नुसता आकडा."

मावशीने मान डोलावली आणि त्यावर काडीचा विश्वास ठेवला नाही. एकतीस वर्षांत ती एकच गोष्ट पक्की शिकली होती: सफाईची बाई बसलेली दिसली, की बोलणी खाते. उभी राहून काही न करणारी चालते, हातात फडकं असलं म्हणजे झालं. बसलेली चालत नाही. तिने बायकांना गोळा केलं.

"सहा आठवडे या खोलीत कुणी पाय ठेवायचा नाही. डबे मागच्या जिन्यात खायचे. त्या बशीला आपण अजिबात दिसता कामा नये."

मागचा जिना म्हणजे आगीच्या वेळी उतरायचा जिना. खिडकी नाही, पंखा नाही, बोललं की आवाज सात मजले घुमतो. सहा आठवडे बायका कठड्याला टेकून, डबा एका हातात आणि घास दुसऱ्या हातात, अशा जेवल्या. साखरवाली पायरीवर बसायची आणि तिचे पाय खाली लोंबायचे; संध्याकाळी ती बुटांच्या नाड्या सोडून घरी जायची. कुणी कुरकुरलं नाही. मावशी स्वतःवर खूश होती. यंत्राला तिने असा चकवा दिला होता, की बस्स.

सातव्या आठवड्यात तिला बैठकीला बोलावलं. फर्निचर हलवायचं होतं, म्हणून. पडद्यावर सगळ्या मजल्यांचा नकाशा होता. जिथे माणसं जास्त तिथे लाल, जिथे कमी तिथे निळा. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या मागे एक चौकोन गडद निळा होता.

"ही खोली काय आहे कुणालाच माहीत नाही," मॅडम उत्साहाने सांगत होती, "जुनं स्टोअर असावं. सहा आठवडे, वापर शून्य. एक मिनिटसुद्धा नाही! तिथे आपण शांतता कक्ष करतोय. लोकांना दोन क्षण निवांत बसायला जागाच नाहीये इथे."

स्वतःच्या हाताने मावशीने स्वतःच्या पायावर धोंडा घातला होता, आणि एकटीच्या नाही, अकराजणींच्या पायांवर.

तिने ते लपवलं नाही. त्याच दुपारी जिन्यात तिने सगळं सांगितलं.

"अति शहाणी, तिचा बैल रिकामा, तशी गत झाली. तुम्ही बसला असतात तर खोली वाचली असती. मी बसू दिलं नाही. चूक माझी."

लवंगी नावाची एक किडकिडीत, चाळिशीची बाई आहे. दिसायला लहान, फुटली की कानठळ्या. ती म्हणाली, "चूक कसली? आजपर्यंत बसलेलं बघून कुणी शाबासकी दिली होती का? आता न बसल्याचीपण शिक्षा!"

"मग आता करायचं काय?" साखरवालीने विचारलं. ती भांडत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मावशीला तिच्या पायांकडे बघवेना.

आधी ती ठेकेदाराच्या माणसाकडे गेली. बायका त्याला होयबा म्हणतात, कारण वरून काहीही आलं तरी तो 'होय' म्हणतो आणि खाली पाठवून देतो. होयबाने करार उघडला. करारात साबण होता, फडकी होती, हातमोजे होते, बायकांच्या बसण्याचा शब्द नव्हता. "तळघरात जनरेटरच्या बाजूला भरपूर जागा आहे," तो म्हणाला. मावशीने त्याला विचारलं, की तो स्वतः तिथे कधी जेवलाय का. होयबाने फाइल मिटली.

मग ती मॅडमकडे गेली.

"ती खोली रिकामी नाही. आम्ही तिथे जेवतो. एकोणीस वर्षं."

मॅडमने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "पण मावशी, सहा आठवड्यांत एकदाही कुणी नाही."

"कारण मीच जाऊ दिलं नाही."

"का?"

"तुमचं यंत्र आम्हाला बसलेलं पकडेल म्हणून."

मॅडमने लॅपटॉप मिटला. तिला वाईट वाटलं, हे दिसत होतं. पण वाईट वाटून घेणं फुकट असतं. "मला खरंच कल्पना नव्हती," ती म्हणाली. "पण मंजुरी झालीय, सोमवारी सामान येतंय. आता माझ्या हातात नाही." त्या बाईच्या एका बोटावर सात मजल्यांचे दिवे लागत आणि विझत होते, आणि दहा बाय आठची खोली तिच्या हातात नव्हती.

सोमवारी सामान आलं. मऊ कोच, भिंतीला लोकरीचं अस्तर, एक झाड. बाकडं आणि आरसा तळघरात गेला, खुंट्या उपटल्या गेल्या. त्याच दिवशी सगळ्या मजल्यांवर नवी पद्धत सुरू झाली. लोकांची नावं असलेली टेबलं गेली, खण गेले, मुलांचे फोटो खोक्यांत गेले. ॲप उघडायचं, रिकामी खुर्ची बघायची, कार्ड टेकवायचं, बसायचं; खुर्चीखालचं छोटं यंत्र ती भरल्याचं ॲपला कळवायचं. याची पोस्टरं लावायचं काम मावशीकडे आलं. चाळीस पोस्टरं. तिने चौतीस लावली आणि पस्तिसावं भिंतीला टेकवून वाचलं. घाईत तोवर वाचलंच नव्हतं.

'या इमारतीत काम करणाऱ्या प्रत्येकासाठी! इथे कुणाचीही जागा ठरलेली नाही. जी रिकामी, ती तुमची.'

मावशीने चारी कोपरे नीट दाबले. उरलेली पाचही पोस्टरं तिने आणखी काळजीने लावली.

दुसऱ्या दिवशी बरोब्बर एक वाजता अकरा बायका पुढच्या लिफ्टने पाचव्या मजल्यावर गेल्या. मालवाहू लिफ्टने नाही, पुढच्या. पाचव्या मजल्याला मोठ्या खिडक्या आहेत आणि खिडकीशी सगळ्यात चांगल्या खुर्च्या, उंची कमी-जास्त होणाऱ्या. बायका हात धुऊन आल्या होत्या. त्यांनी टेबलावर स्वच्छ फडकी अंथरली, डबे उघडले आणि जेवायला सुरुवात केली. लवंगीने खुर्चीचा दांडा चुकीचा ओढला आणि ती एकदम फूटभर खाली गेली. सगळ्या हसल्या, तीसुद्धा. साखरवालीने बूट काढले आणि पाय समोरच्या रिकाम्या खुर्चीवर घेतले.

एक माणूस लॅपटॉप पोटाशी धरून उभा राहिला. त्याच्या फोनवर त्या खुर्च्या भरलेल्या दिसत होत्या, पण नाव कुणाचंच नव्हतं, कारण बायकांकडे कार्डच नव्हती. तो थोडा वेळ फोनकडे आणि थोडा वेळ बायकांकडे बघत राहिला आणि मग दुसरीकडे जाऊन बसला. एक बाई मात्र लगेच तक्रार लिहायला लागली. जेवणाच्या वासाची असावी.

होयबा धापा टाकत आला. "उठा! उठा आधी! वेड लागलंय का तुम्हाला?"

"अर्धा तास सुट्टी आहे," मावशी म्हणाली. आवाज इतका खाली होता, की त्याला वाकावं लागलं. "वीस मिनिटं बाकी आहेत. पोस्टर वाचा."

"ते तुमच्यासाठी नाहीये!"

"कुठे लिहिलंय?"

बरोबर दीड वाजता बायका उठल्या, टेबलं पुसली, इतकी की आधीपेक्षा चकाचक, आणि कामाला लागल्या. बुधवारी पुन्हा. गुरुवारी पुन्हा. खुर्च्यांखालच्या यंत्रांना कोण बसलंय याच्याशी देणंघेणं नव्हतं. ती इमानदारीने मोजत होती, आणि रोज दुपारी वरच्या साहेबांना अकरा बिननावाच्या माणसांचा हिशोब जात होता.

गुरुवारी संध्याकाळी होयबाने मावशीच्या घरी फोन केला आणि नवऱ्याला भरपूर घाबरवलं. नवरा मांडीवर ताट घेऊन वाट बघत होता.

"काम जाईल. या वयात दुसरं कोण देणार आहे? गप्प बसता येत नाही का तुला?"

"बसायला जागा देऊ देत, गप्पपण बसेन."

मुलगी टेबलाशी कानाला यंत्र लावून कुणाशी तरी बोलत होती. तिने आवाज बंद केला आणि बापाला म्हणाली, "बाबा, आई बरोबर करतेय." मग टेबलावरचं अर्धं सामान खाली ठेवून ती म्हणाली, "आणि तुम्ही इथे बसून जेवा आजपासून." नवरा गोंधळला, पण उठून टेबलाशी जाऊन बसला.

मावशी त्या रात्री धड झोपली नाही, हेही सांगायला हवं. तिची पाचावर धारण बसली होती. एकटीचं काम गेलं असतं तर तिने चालवून घेतलं असतं. दहाजणींचं गेलं तर त्यांच्या घरी काय तोंड दाखवायचं, हा प्रश्न होता.

शुक्रवारी एक वाजता मॅडम स्वतः पाचव्या मजल्यावर आली. चेहरा उतरलेला होता. वरून तिला बरंच ऐकावं लागलं असणार.

"मावशी, माझ्यावर एवढे उपकार करा. उद्या काही पाहुणे येतायत ही नवी पद्धत बघायला. उद्यापासून इथे नको."

"ठीक आहे," मावशी म्हणाली. "मग पोस्टरवर तसं लिहा. खाली एकच ओळ छापा: 'सफाईच्या बायका सोडून'. मी चाळीसच्या चाळीस बदलून देते. एका दिवसात. माझ्या हाताने चिकटवते."

मॅडमने पोस्टरकडे पाहिलं. ते समोरच्याच खांबावर होतं. तिने बायकांकडे पाहिलं, साखरवालीच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं, आणि तिथे ती थोडा वेळ थांबली.

"असं मी छापू शकत नाही," ती म्हणाली.

"मग आम्ही उद्या एक वाजता येतो."

पाहुणे यायच्या आत, शनिवारी सकाळी नऊ वाजता, दुसऱ्या मजल्यावरचा मऊ कोच सहाव्या मजल्यावर गेला आणि तळघरातलं बाकडं वर आलं. मॅडमने मावशीच्या मागणीप्रमाणे दोन गोष्टी लेखी दिल्या: इमारतीच्या नकाशात त्या खोलीचं नाव 'सफाई कर्मचारी विश्रांती कक्ष', आणि किटलीला परवानगी. दारावर पाटी लागली. खुंट्या वायरमनने पुन्हा ठोकून दिल्या. लोकरीचं अस्तर भिंतीलाच राहिलं. बायकांनी ते ठेवून घेतलं.

"छतावरची ती चकती काढून टाकू का?" मॅडमने विचारलं.

"कशाला? राहू दे," मावशी म्हणाली. "आम्ही बसतो ते दिसू दे की. रोज मोजा."

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण ठेकेदाराला आपल्या बायकांनी आपल्याला न विचारता काही मिळवलेलं खपत नाही. पंधरा दिवसांनी होयबा पत्र घेऊन आला. 'कामाच्या गरजेनुसार' मावशीची बदली, शहराच्या दुसऱ्या टोकाला, बारा मजली नव्या इमारतीत. घरापासून दोन बस बदलून दीड तास. पत्र देताना होयबाने तिच्याकडे पाहिलं नाही. एकतीस वर्षं एका इमारतीत काढलेल्या बाईला काढायला चार ओळी पुरल्या.

लवंगी पेटली. सगळ्याजणी कामं टाकून खाली उतरायला निघाल्या. मावशीने खोलीचं दार अडवलं.

"एकीनेही उतरायचं नाही. तुम्ही उतरलात की त्यांना खोली परत घ्यायला निमित्त मिळेल. मी जाते. तुम्ही रोज एक वाजता इथे बसायचं, पोट भरलेलं असो नाहीतर नसो. एक दिवसही खोली रिकामी दिसली, तर मी येऊन एकेकीला बघेन." मग तिला रडू आलं आणि ते तिने आवरलं नाही. साखरवालीने तिला बाकड्यावर बसवलं आणि चहा केला. जुडगा मावशीने लवंगीच्या हातात दिला.

नवी इमारत सगळीच काचेची. दारं आपोआप उघडतात, दिवे माणूस आला की लागतात. तिथला सुपरवायझर पंचविशीतला, हसरा मुलगा होता. त्याने मावशीला सगळी इमारत हिंडवली आणि शेवटी तळमजल्यावर अभिमानाने एक कोनाडा दाखवला. आत फरशी पुसणारं यंत्र उभं होतं. माणूस लागत नाही, एकटं फिरतं.

"दमलं की आपण होऊन इथे येतं," तो म्हणाला. "दोन तास चार्ज होतं. त्याला गरम व्हायला नको म्हणून इथे खास एसी दिलाय."

मावशीने आत डोकावून पाहिलं. दिवा होता, गारवा होता, भिंतीला चार प्लग होते. सरकतं दार होतं. यंत्राच्या चारी बाजूंना ऐसपैस मोकळी जागा होती.

"आणि बायका कुठे बसतात?"

"बसतात म्हणजे?"

"जेवायला. किती जणी आहेत?"

"चौदा." तो जरा विचारात पडला. "जेवत असतील कुठेतरी. जिन्यात वगैरे."

मावशीने आपली पिशवी कोनाड्यात भिंतीशी ठेवली. यंत्राची वायर भिंतीतून काढली आणि दोन्ही हातांनी ते बाहेर ढकललं. यंत्र कुरकुरत चार हात गेलं आणि भर मार्गिकेत थांबलं.

"ए मावशी, हे काय करताय? ते तिथे कसं राहील?"

"राहील. त्याला उभं राहून चालतं," ती म्हणाली. "जा, चौदाजणींना बोलावून आण. डबे घेऊन या म्हणावं."